न खाल्लेला गूळ

यवतमाळच्या बसस्थानकावर बाबा मला सोडायला आले होते. एका कार्यालयात ते आयुष्यभर कारकून होते आणि कर्मचारी संघटनेची पत्रकं लिहायचे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या पत्रकांवरून. 'जे सांगत नाहीत, ते विचारा' हे त्यांच्या प्रत्येक पत्रकाचं शेवटचं वाक्य असायचं. त्यांची मुलगी आता विमा आणि पेन्शन योजना विकायला निघाली होती. ते काही बोलतील म्हणून मी वाट पाहत राहिले. उमरखेडची एसटी लागली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "डबा घेतला का?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

ही माझी पहिली फेरी होती. महिना संपायच्या आत पेन्शनचं एक तरी काम आणलं नाही तर नेमणूक रद्द, असं कंपनीच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं, आणि महिना संपत आला होता. फुलसावंगीच्या अलीकडच्या एका तांड्यावरून (बंजारा समाजाची वस्ती) जमनाबाई नावाच्या बाईंचा निरोप होता. अंगणवाडीत मदतनीस म्हणून निवृत्त झालेल्या, मिळालेली रक्कम बँकेत पडून. ती योजनेत एकदा भरली की मरेपर्यंत दरमहा पेन्शन.

साहेबांनी निघताना बजावलं होतं, "भरलेली रक्कम पुन्हा काढता येत नाही, हा मुद्दा सही झाल्यावर. आधी सांगितलं की गिऱ्हाईक बिचकतं." मी हुज्जत घातली. ते हसले. "अगं, कागद हातात आल्यावर काही दिवसांची मुदत असते. नको असेल त्यानं परत करावं, पैसे मिळतात. यात फसवणूक कुठं आली?"  त्या मुदतीच्या आधारावर मी गाडीत बसले होते.

बायकांच्या अर्ध्या तिकिटात खिडकीची जागा मिळाली. आर्णीच्या पुढे दोन्ही बाजूंना तूर पिवळी झालेली, मधेच सागाची वाळलेली पानं. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "कोन्या गावच्या, बाई? काय काम करता?"

"विम्याचं."

त्यांनी ताबडतोब डोळे मिटले. बऱ्याच वेळानं एक डोळा किलकिला करून म्हणाले, "मी झोपलो हाय. सांगू नका."

मागच्या बाकावरच्या बाया हसल्या. मीही हसले. पण हे तर गाडीतले आजोबा. समोर बसलेल्या माणसानं असे डोळे मिटले तर मी काय करणार होते?

महागावला उतरले तर बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. पुढे फुलसावंगीकडे काळी-पिवळी (खचाखच भरून धावणारी जीप). ती एका कापसाच्या ट्रॅक्टरमागे अडकली आणि बैलगाडीच्या चालीनं चालू लागली. फाट्यावर उतरताना माझ्या चपलेचा पट्टा तुटला. ड्रायव्हरनं टपावरच्या पोत्याची सुतळी काढून चप्पल पायाला बांधून दिली आणि म्हणाला, "आता हे घरी जाऊनच सोडा, मॅडम." तशीच फरफटत मी तांड्यावर पोचले.

जमनाबाई वेशीवरच उभ्या होत्या. ठेंगण्या, हसऱ्या. चालताना उजवा गुडघा हातानं दाबत चालत होत्या. त्यांच्या घरी बसू म्हणाले, तर त्यांनी माझा दंड धरला. "घरी मंग. पहिले नायकाच्या दारी."

नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. पांढरं धोतर, सदऱ्याच्या खिशात मोबाइल. "आव, बेस," (ये, बस) ते म्हणाले. मी बाजेवर टेकले, तोवर ओट्यावर माणसं जमलीही होती. एका बाईचं काम, आणि ऐकायला सगळा तांडा. प्रशिक्षणात गिऱ्हाइकाला एकटं गाठायला शिकवलं होतं. इथं एकटं कुणी भेटणारच नव्हतं.

मी रंगीत माहितीपत्रक उघडलं आणि बोलू लागले.  नायकांनी मधेच थांबवलं. "थांब. पेन्शनचं वय आमचं, आन् समजावून तू राह्यली. तुले कवा लागन पेन्शन?"

"मला अजून पगारच लागला नाही," मी म्हणाले.

ओटा हसला. त्या हसण्यानं माझं काम सोपं केलं, असं तेव्हा वाटलं. मग प्रश्न आले. पैसे बँकेत येतील का. पोरानं मागितले तर त्याला मिळतील का. जमनाबाई म्हणाल्या, "नाही ना मिळत? मंग बरं हाय. तो पुण्यात ट्रक चालवते, दर खेपेले नवा धंदा सांगते." पुन्हा हशा झाला. जे विचारलं, त्याची खरी उत्तरं मी दिली. जे विचारलं नाही, ते मात्र जिभेखाली दाबून बसले होते.

"झालं मंग," नायक म्हणाले. आतून त्यांच्या पत्नी पितळी ताटात गूळ घेऊन आल्या. नायकांनी खडे फोडले, एक जमनाबाईंच्या हातावर ठेवला, एक माझ्या, बाकीचे ओट्यावर वाटले. मला वाटलं, पाहुणचार आहे. मी तो तोंडाकडे नेला.

"सगळ्याइच्या संगं," जमनाबाईंनी हात अडवला. "आमच्या तांड्यात सोयरीक असो का बैलाचा सौदा, नायकासमोर गूळ खाल्ला का बोल पक्का."

"आणि नंतर कुणाचं मन बदललं तर?"

"गूळ खाल्ल्यावर?" मी काही तरी वेडगळ बोलल्यासारखं त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "मंग तांड्यात तोंड कसं दाखवन मानूस?"

 ती मुदत, जिच्या भरवशावर मी इथवर आले होते, या ओट्यावर कुचकामी होती. कागदावर हक्क होता, पण जमनाबाई तो कधीच वापरणार नव्हत्या. गूळ खाल्ल्यावर मी रक्कम अडकल्याचं सांगितलं असतं, तर त्या मान डोलावून गप्प बसल्या असत्या, आणि गुडघा दाबत चालत राहिल्या असत्या.

सगळ्यांचे हात तोंडाकडे निघाले होते. मी मूठ मिटली.

"एक सांगायचं राहिलं," मी म्हणाले. "ही रक्कम एकदा भरली की पुन्हा काढता येत नाही. दवाखान्यासाठीसुद्धा नाही. फक्त दरमहा येईल तेवढंच."

तोंडाकडे निघालेले हात थांबले. कुठं तरी शेळी ओरडली.

"हे पहिले काहून नाही सांगितलं?" नायकांनी विचारलं.

"सही झाल्यावर सांगायचं, असं शिकवलं होतं."

"मंग आता काहून सांगून राह्यली?"

"यांचा गुडघा..."

"माह्या गुडघ्याकडं कायले पाह्यते तू?" जमनाबाई भडकल्या. "ये म्हटलं तं पेन्शन घेऊन ये म्हटलं. डॉक्टर होऊन आली काय?"

"जमना," नायक शांतपणे म्हणाले, "आपरेशनचं काय सांगितलं यवतमाळच्या डॉक्टरनं?"

 जमनाबाईंनी आपल्या हातातला खडा ताटाच्या कडेला ठेवला. "पहिले गुडघा करीन. उरलं त्याचं मंग पाहू." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ये म्हणत नाही. नको येऊ बी म्हणत नाही."

मी माझा खडाही ताटात ठेवू लागले, तर नायकांनी मान हलवली. "पाहुण्याले देलेलं वापस नाही घेत. पण खाऊ नको. बोल झाला नाही."

त्यांनी मला उपाशी जाऊ दिलं नाही. बाटी (ज्वारीची जाड भाकरी) आणि अंबाडीची भाजी वाढली. माझा उजवा हात गुळानं बरबटलेला. जमनाबाई पुटपुटत उठल्या, माझ्याच माहितीपत्रकाचं एक पान टरकन फाडलं, गूळ त्यात बांधला आणि माझ्या हातावर पाणी घातलं. "जेव, याडी," त्या म्हणाल्या. याडी म्हणजे आई, पण लेकीलाही लाडानं असंच म्हणत असावेत. मी बाटी मोडली.

परतीच्या गाडीत साहेबांचा फोन आला. "झालं का?"

"नाही."

"काय बोललीस तू तिथं?"

"सगळं."

फोन बंद झाला. बाहेर तुरीवर ऊन उतरत होतं आणि मला स्वतःचा अजिबात अभिमान वाटत नव्हता. उद्या नोकरी असेल की नाही, हेच डोक्यात फिरत होतं. खरं बोलल्यावर हलकं वाटतं, असं बाबांच्या पत्रकांत असायचं. पेन्शन वाईट वस्तू नाही. आपल्या जिल्ह्यात म्हातारपणी दरमहा काही हातात येणं किती जणांच्या नशिबात असतं? ती विकताना एक वाक्य गिळावं का लागतं, हे मला अजून कळलेलं नाही.

घरी पोचले, पायाची सुतळी सोडली, पुडी टेबलावर ठेवली. बाबांनी सवयीप्रमाणे आधी कागदच उलगडला आणि वाचू लागले. वाचता वाचता त्यांची बोटं गुळाकडे गेली.

"बाबा, तो खाऊ नका," मी म्हणाले. "अजून ठरलेलं नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी दिवसभर काय केलं ते सांगितलं. ते उठले, स्वयंपाकघरातून झाकणाची डबी आणली, खडा तिच्यात ठेवला आणि झाकण घट्ट लावलं.

"मुंग्या लागतील," ते म्हणाले, आणि डबी माझ्या कामाच्या पिशवीत ठेवून दिली.