गणपतीवर लावलेले ऐंशी गुण

माझ्या आत्याला एकदा विमानात बसायचं होतं. रोह्याला लागून वरसे, तिथे तिचं घर. अंगणात कपडे वाळत घालताना वरून विमान गेलं की चिमटा दातात धरून ती ते दिसेनासं होईपर्यंत बघायची. मला सामान्यज्ञानाचा नाद लावला तोही तिनेच. भेळेचा कागदसुद्धा वाचून झाल्याशिवाय फेकू द्यायची नाही. त्यामुळे टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेत माझी निवड झाली आणि पहिलं बक्षीस दोघांचा विमानप्रवास आहे असं कळलं, तेव्हा मी पेणहून तिला फोन करून बक्षीस मिळाल्यासारखंच सांगून टाकलं.

"आत्या, खिडकी तुझी."

बायको शेजारून म्हणाली, "आधी जिंका तरी."

मुंबईला चित्रीकरण झालं. मी खरंच बरा खेळलो, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून कोणाचा विश्वास बसत नाही. शेवटच्या प्रश्नाआधी माझे ऐंशी गुण होते, माझ्यासमोरच्या बाईंचे पन्नास. तिसरा स्पर्धक केव्हाच घरी गेला होता. शेवटी नियम असा, की आधी फक्त विषय सांगायचे. आपल्या गुणांपैकी किती लावायचे ते पाटीवर लिहायचं, मग प्रश्न. बरोबर आलं तर तितके वाढले, चुकलं तर तितके गेले. बाईंनी सगळे लावून सगळे कमावले तरी त्यांचे शंभर. म्हणजे मी एकवीस लावून बरोबर उत्तर दिलं की काम फत्ते, आणि चुकलो तरी एकोणसाठ हातात. हा हिशेब तिसरीतलं पोरही करील.

पडद्यावर विषय आला: गणपती.

आता तुम्हीच सांगा, पेणचा माणूस गणपतीवर एकवीस लावेल? आमच्या आळीत एकाआड एका घरात मूर्तींचा कारखाना. मी स्वतः आयुष्यात एक उंदीरसुद्धा घडवलेला नाही, पण सूत्रसंचालकाने ओळख करून देताना "पेणचे" या शब्दावर असा काही जोर दिला होता, की एकवीस लिहून मी आळीत कोणत्या तोंडाने शिरणार होतो? ऐंशीच्या ऐंशी लिहिले.

प्रश्न आला: पुराणात सांगितल्याप्रमाणे कलियुगातल्या गणपतीच्या अवताराचं वाहन कोणतं?

मी "उंदीर" लिहिलं आणि खाली रेघही मारली. बरोबर उत्तर होतं घोडा.

बाईंनीही उंदीरच लिहिला होता. पण त्यांनी लावले होते दहा. चाळीस गुणांवर त्या जिंकल्या आणि शून्यावर मी उभा राहून टाळ्या वाजवत होतो. बाहेर पडताना त्या ओशाळून म्हणाल्या, "मला त्यातलं फारसं कळत नाही हो, म्हणून दहाच लावले."

कार्यक्रम दाखवेपर्यंत निकाल फोडायचा नाही, असं आमच्याकडून लिहून घेतलं होतं. इतक्या आनंदाने मी दुसरा कुठलाच नियम पाळलेला नाही. तिकडे आत्याने रोह्याच्या बाजारातून स्वेटर आणला, आणि विमानात लोणचं नेऊ देतात का, हे विचारायला मला दोनदा फोन केला. मी म्हणालो, चौकशी करून सांगतो.

दाखवायच्या रविवारी संध्याकाळी सगळं खानदान आत्याकडे. पडद्यावर माझी पाटी फिरली, ऐंशी दिसले, आणि काका ओरडले, "शाबास रे! पेणचं नाव राखलंस!" मग घोडा आला. कारखानेवाला चुलतभाऊ उठून उभाच राहिला. "घोडा? वीस वर्षांत एका गिऱ्हाइकानं घोडा मागितला नाय आमच्याकडे!"

आत्या एवढंच म्हणाली, "त्या बाईनं किती लावले?"

"दहा."

"शहाणी हाय," म्हणाली आणि चहा गरम करायला आत गेली.

तिकिटं मी विकत काढतो म्हटलं. तीनदा म्हटलं. "जिंकलेलं असतं तर बसले असते. उपकाराचं नको," हे तिचं उत्तर. वर पुन्हा, "लोणच्याची चौकशी झाली का रे?"

पुढच्या वर्षी तोच कार्यक्रम परत सुरू झाला. मी कंपनीच्या कामाला पेणहून रोह्याला रोजच रेल्वेने जायचो. रविवारीही आत्याकडे जाऊ लागलो. टीव्हीवरचे प्रश्न ऐकत, गुणांऐवजी वालाचे दाणे घेऊन आम्ही घरीच खेळायचो. एका रविवारी ती म्हणाली, "आज पैज. मी हरले तर विमानाचं नाव काढणार नाय. तू हरलास तर तिकीट काढायचंस."

शेवटी माझ्यासमोर चाळीस दाणे, तिच्यासमोर तीस. विषय आला रेल्वे. मी रोज पेण-रोहा करणारा माणूस. चाळीसही पुढे सरकवले. आत्याने एक दाणा उचलला आणि बोटाने पुढे ढकलला.

"एकच?"

"मला काय कळतंय रेल्वेतलं? तू कळतोस तेवढं पुरे."

प्रश्न काय होता ते सांगत नाही. उत्तर पेण नव्हतं आणि रोहाही नव्हतं, एवढंच. आत्याने तर उत्तर लिहिलंही नव्हतं. एकोणतीस दाणे पदरात भरून ती म्हणाली, "हां. आता काढ तिकीट."

मी मुद्दाम हरलो असं घरात अजून बोलतात. मीही कधी खोडून काढत नाही. त्यात माझी तेवढीच इज्जत राहते. पण खरं सांगायचं तर उद्या पुन्हा रेल्वे आली तरी मी चाळीसच लावीन.

नागपूरच्या विमानात आत्या खिडकीशी बसली. पाणी द्यायला आलेल्या मुलीला तिने न विचारताच माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "भाचा हाय माझा. याला हरवून आलेय."