पाचव्या रेकॉर्डची दुसरी बाजू

रॅन्सफर्ड टुलकला आमच्या मेरियन लेनमध्ये सगळे पॅडलॉक म्हणतात, आणि अगदी तोंडावर म्हणतात. त्याला राग येत नाही, उलट बरंच वाटतं. किंग्स्टनमध्ये ज्याला साऊंड चालवायचा त्याने तोंड आणि दार दोन्ही बंद ठेवावं, असं त्याचं मत. साऊंड म्हणजे कपाटाएवढे स्पीकर, ॲम्प्लिफायर, रेकॉर्डच्या पेट्या आणि ते सगळं ट्रकमध्ये घालून नाचाच्या मैदानांवर नेणारी टोळी. पॅडलॉकचा साऊंड स्टोनगेट. रेकॉर्ड निवडून लावायचं काम त्याचं. नवी रेकॉर्ड घरी आली की आधी ब्लेड घेऊन तिच्यावरचं लेबल खरवडायचं, म्हणजे शेजारी उभं राहून डोकावणाऱ्याला गाणं कोणाचं ते कळायला नको. तेव्हा सगळेच साऊंडवाले हे करायचे, त्यात ह्याचं विशेष काही नाही. पण बाकीचे रेकॉर्डपाशी थांबले. हा बाबा स्वयंपाकघरात शिरला. दुधाच्या, मासळीच्या, वाटाण्याच्या डब्यांवरचे कागद फाडून मगच डबे फळीवर. आपण काय खातो ते शेजाऱ्यांना कशाला कळायला हवं? त्याची बहीण इव्हॅडनी बिचारी डबा कानाशी हलवून आत काय आहे ते ओळखायला शिकली.

इव्हॅडनी त्याच्याहून लहान, आता तीही साठीच्या पुढे गेली. शाळेच्या भटारखान्यात नोकरी केली, चर्चमध्ये गायली, लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे होऊ घातलेलं मोडलं. मोडलं कोणी ते सगळी लेन जाणून आहे. पण पॅडलॉकसमोर तो विषय काढायची आजवर कोणाची छाती झाली नाही.

तिचं लग्न ग्लेनरॉय बोगलशी ठरलं होतं. ग्लेनरॉय म्हणजे पॅडलॉकचा जिवाभावाचा दोस्त, स्टोनगेटचे स्पीकर त्याने स्वतःच्या हाताने बांधलेले. चर्चमध्ये लग्नाची घोषणासुद्धा वाचून झाली होती. आणि तेवढ्यात सिल्व्हर हॉर्न नावाच्या साऊंडशी स्टोनगेटचा सामना लागला. एकाच मैदानात दोन साऊंड समोरासमोर, लोक ज्याला उचलून धरतील तो जिंकला. अशा सामन्यात खरं हत्यार म्हणजे खास रेकॉर्ड. मोठ्या गायकाला गाठायचं, त्याच्याकडून गाण्यात आपल्या साऊंडचं नाव घालून घ्यायचं, त्याची एकच रेकॉर्ड बनवून घ्यायची आणि ऐन वेळी लावायची. पॅडलॉकने गाठला तो डॅडी सॉरेलला. तेव्हा सॉरेलच्या नावावर मैदानं भरायची, आणि पॅडलॉकचा तर तो देवच. ह्या खास गाण्याचं ठाऊक होतं तिघांना. गाणाऱ्याला, पॅडलॉकला आणि ग्लेनरॉयला.

सामन्यात पॅडलॉक ती रेकॉर्ड शर्टाच्या आत छातीशी धरून बसला होता. काढणार एवढ्यात समोरून तेच गाणं सुरू झालं. तोच आवाज, तीच चाल, आणि नाव सिल्व्हर हॉर्नचं. लोकांनी खूश होऊन पत्र्याचं कुंपण बडवून बडवून वाकवलं. स्टोनगेटची अशी काही नाचक्की झाली की पुढे वर्षभर पोरं पॅडलॉकला बघून ते गाणं गुणगुणत.

पुरावा वगैरे त्याला लागलाच नाही. तिघांतला गाणारा तर देव, दुसरा तो स्वतः, मग उरला कोण? त्याने ग्लेनरॉयला फाटकाच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. बहिणीला म्हणाला, मला विकणारा उद्या तुलाही विकेल. इव्हॅडनीने अंगठी परत पाठवली. ग्लेनरॉय दूर मे पेन गावी निघून गेला. तिथे रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं, लग्न केलं, आता नातवंडांत आहे म्हणे. ग्लेनरॉयने दगा दिला, ह्या एका गोष्टीवर टुलकांच्या घरातलं पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं. ती गोष्ट खोटी निघाली असती तर भावाने बहिणीला तोंड कसं दाखवलं असतं?

डॅडी सॉरेल दोन वर्षांपूर्वी वारला. मग परदेशातल्या कुठल्याशा कंपनीने त्याची पहिल्यापासून शेवटपर्यंतची गाणी गोळा करायला घेतली. त्यांची एक बाई पॅडलॉककडे आठवणी विचारायला आली, तर ह्याने फाटकाच्या आतूनच तिची उलटतपासणी घेतली. तुला कोणी पाठवलं, माझा पत्ता कोणी दिला, हे खरंच तुझं नाव आहे कशावरून? ताकास तूर लागू दिली नाही. तरी बाई भली. संग्रह निघाल्यावर तिने एक प्रत आमच्या लेनमधल्या मिस आयोनीच्या दुकानात त्याच्या नावाने पाठवली. सहा रेकॉर्डची जाडजूड पेटी, वर सॉरेलचा तरुणपणीचा फोटो.

"मास रॅन्स, फुकट आलंय, घेऊन जा की," मिस आयोनी म्हणाली. आमच्याकडे वयाच्या माणसाला मानाने मास म्हणतात.

झालं, फुकट म्हटल्यावर तर त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच. फुकट कशाला? इथे काहीतरी पाणी मुरतंय. माझ्या खास रेकॉर्डी चोरून घातल्या असतील आणि हे तोंड बंद करायचं औषध असेल. पेटी त्याने घरी नेली, कोपऱ्यात ठेवली आणि येता-जाता तिच्याकडे रोखून बघत राहिला. शेवटी चोरी पकडायचीच म्हणून एका रविवारी ऐकायला बसला. पहिली रेकॉर्ड, दुसरी, तिसरी. चोरी सापडेना. सॉरेलचा कोवळा आवाज हळूहळू जाड होत गेला, आणि पॅडलॉकला न कळत त्याचा पाय ताल धरू लागला. आत इव्हॅडनी रविवारच्या भातासाठी नारळ किसत होती.

पाचव्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला स्टुडिओतली जुनी टेप जशीच्या तशी घातली होती. सॉरेल गाण्याआधी खोकला आणि पॅडलॉकच्या अंगावर काटा आला. गाणं त्याचंच. स्टोनगेटचं. त्या दिवशी तो स्वतः तिथे उभा होता. गाणं संपलं, दार वाजलं, आणि लांबून, बहुधा अंगणातून, एक तरुण आवाज आला, "ग्लेन, गाडी पुढे घे रे, झालं." तो आवाज त्याचाच होता. इतक्या प्रेमाने आपण कधी कोणाला हाक मारत होतो, हे तो पार विसरून गेला होता.

टेप चालूच होती.

"गेला का तो?" सॉरेलने विचारलं.

"गेला," आतला कोणीतरी म्हणाला.

"मग मागच्या दाराने सिल्व्हर हॉर्नवाल्याला घे आत. तीच चाल, तेच शब्द, नाव तेवढं बदलू."

"पॅडलॉकला कळलं तर?"

सॉरेल हसला. "पॅडलॉकला सगळ्या जगाचा संशय येतो रे. माझा येत नाही."

आणि परत खोकून त्याने तेच गाणं दुसऱ्या नावाने गायला सुरुवात केली.

पॅडलॉकने सुई उचलली. पहिला विचार आला तो हाच, की हे बनावट आहे. हल्ली मशीनवर मेलेल्या माणसाकडून वाट्टेल ते वदवून घेतात. ग्लेनरॉयनेच मे पेनमध्ये बसून हे रचलं असेल, त्याला तारांचं सगळं कळतं. पण ती हाक? ती कोण रचणार? त्या आवाजातली माया तो स्वतःसुद्धा विसरला होता, दुसरा कोण कुठून आणणार?  मग एकदम त्याच्या लक्षात आलं, आतला नारळ किसायचा आवाज थांबलाय.

तो कधी थांबला? गाण्याच्या आधी की नंतर? पॅडलॉक दबकत स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. इव्हॅडनी नारळाचं दूध पिळत होती. तिने वर बघितलं नाही. तोंडावरून काही कळेना. मेलं, आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं वाचण्यात घालवलं आणि घरातलं एक तोंड वाचता येईना.

त्या आठवड्यात त्या माणसाने जे केलं ते बघून कोणालाही दया आली असती. रेकॉर्ड गादीखाली लपवली. बहिणीवर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. ती गुणगुणली की कान टवकारायचे, गप्प बसली की आणखी भीती वाटायची. एकदा उगाच म्हणाला, मे पेनकडे यंदा पाऊस चांगला झालाय म्हणे. ती म्हणाली, मग संत्री स्वस्त होतील. ह्या उत्तराचा अर्थ लावत तो रात्रभर तळमळला. मिस आयोनीकडे जाऊन आडून आडून विचारून आला, आमची इव्हॅडनी काही बोलली का? मिस आयोनी म्हणाली, ती तुझ्याबद्दल कधी काही बोलली आहे का? खरं सांगून टाकावं असं त्याला दोन-तीनदा वाटलं. घशापर्यंत आलं आणि परत गेलं. घाबरला होता हो तो. साठी ओलांडलेला माणूस, पण बहिणीच्या एका वाक्याला घाबरला होता.

पुढच्या रविवारी त्याने पेटीकडे ढुंकूनही बघितलं नाही. इव्हॅडनीने भात शिजवला, कोंबडी केली, हात पुसत बाहेर आली आणि त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसली.

"ती पाचवी रेकॉर्ड लाव," ती म्हणाली.

"खराब आहे ती. सुई उडते."

"गेल्या रविवारी तर छान वाजली."

 तो हातातली टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, "व्हॅडी, मला माहीत नव्हतं. देवाची शपथ, मला खरंच वाटत होतं की तोच."

"मला ठाऊक आहे तुला काय वाटत होतं."

"आपण मे पेनला जाऊ. मी त्याची माफी मागतो. तुझ्यासमोर मागतो."

"त्याला काही नवं सांगणार नाहीस तू. सिल्व्हर हॉर्नचा माणूस स्टुडिओच्या मागच्या दाराशी उभा असलेला ग्लेनने गाडी काढताना तेव्हाच बघितला होता. कशाला आलाय ते त्याला सामन्यात कळलं. तुला सांगायला आला, तू फाटक उघडलं नाहीस. मग शाळेत माझ्याकडे आला. भर दुपारी, सगळ्या पोरांसमोर उभा राहून रडला."

पॅडलॉकची मान वर आली. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"त्याने सांगितलं होतं. मी त्याला म्हटलं, माझा भाऊ पुरती खात्री करून घेतल्याशिवाय कोणाचं नाव घेणार नाही." तिने त्याच्याकडे बघितलं. "रॅन्सी, तू कोणावर विश्वास ठेवला नाहीस. मी तुझ्यावर ठेवला."

 उत्तराची वाट तिने बघितली नाही. उठून आत गेली, फक्त स्वतःपुरतं एक ताट वाढून घेतलं आणि पायरीवर जाऊन एकटीच जेवायला बसली.