न घेतलेली मुलाखत

माझे सासरे कवळी फक्त लग्नकार्यात घालत. ती टोचते, असं त्यांचं म्हणणं. मला वाटे, घरच्यांसाठी एवढा त्रास कशाला, असा त्यांचा रोकडा विचार असावा. म्हणून एका दुपारी ते कवळी घालून, इस्त्रीचा शर्ट चढवून बैठकीत बसलेले दिसले तेव्हा मी विचारलं, "कोणाचं लग्न आहे, बाबा?"

"मजाक नको करू, सूनबाई. पोट्टी कॉलेजातून येऊन राहिली. मुलाखत आहे माही."

माझी मुलगी बी.ए.ला आहे, इतिहास घेऊन. तिचे सर पोरांच्या मोबाइलनं लिहिलेल्या उत्तरांना विटले होते. प्रश्न टाकला की एआय पानंच्या पानं ओकतं आणि सगळ्या वर्गाचं सारखंच. म्हणून यंदा त्यांनी शक्कल लढवली: घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची मुलाखत घ्या, रेकॉर्ड करून जवळ ठेवा, मग लिहून द्या. यंत्राला आमच्या घरातला म्हातारा कुठून सापडणार? मला तर सरांचं कौतुकच वाटलं.

आणि आमच्या म्हाताऱ्याकडे सांगण्यासारखं होतं. लग्नाआधी सासरे वर्षभर घरातून नाहीसे झाले होते. परतले, अभनपूरच्या राइस मिलमध्ये नोकरीला लागले, पण त्या वर्षाबद्दल चकार शब्द काढला नाही. सासूबाई विचारून विचारून थकल्या आणि तशाच गेल्या. आमच्या ह्यांनी लहानपणी एकदा विचारलं, तर कानाखाली बसली. बापलेकांत तसंही बोलणं बेताचंच. 'चांगलं केलंस' एवढं मुलाला म्हणताना मी बाबांना कधी ऐकलं नाही.

तेच बाबा त्या दुपारी म्हणाले, "त्या वर्षाचं सांगतो तिले. कॉलेजचं काम आहे, खोटं कसं सांगू?"

"मले सांगा ना आधी."

"तुले काहून? तुले का मार्क भेटून राहिले?"

मुलगी आली, बॅग फेकली आणि म्हणाली, "आजोबा, कल पक्का." इकडच्या हिंदी मुलखातच ती वाढली; तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीचा वाढदिवस निघाला, मग टेस्ट, मग डोकं दुखलं. बाबा रोज दुपारी टीव्ही बंद करून बसत. कवळी होती म्हणून चहासुद्धा पुढे ढकलत.

मग एके दिवशी ती दारातूनच म्हणाली, "आजोबा, हो गया. सबमिट कर दिया."

"कसं झालं? तू तं काही विचारलंच नाही."

"मोबाइल ने लिख दिया ना. आपके बारे में जो पता था, वो एक साल वाली बात भी, सब डाल दिया. बहुत अच्छा बना है."

बाबा म्हणाले, "हव." आत गेले. वाटीत कवळी टाकल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला.

मी पोरीला असं फैलावर घेतलं की ती रडायला लागली. "सब यही करते हैं, मम्मी!" मी तिला हाताला धरून बाबांसमोर बसवलं. तिनं रेकॉर्डिंग चालू करून मोबाइल पुढे धरला. बाबा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "झालं ना तुह्यं काम? मग जाऊ दे." त्यानंतर तिनं दोनचारदा विचारलं, अगदी मनापासून विचारलं. ते हसून विषय बदलत. ह्यांना मी यातलं काही सांगितलं नाही. घरात नवा तंटा कशाला?

उन्हाळ्यात बाबा गेले.

तेरावं झाल्यावर मुलीच्या टेबलावरचा प्रोजेक्ट ह्यांच्या हाती लागला. पैकीच्या पैकी मार्क होते. त्यात बाबा ते वर्ष बिलासपूर स्टेशनवर ओझी उचलून काढतात, आईच्या आठवणीनं रडतात, माणूस होऊन परततात. आणि शेवटी म्हणतात, "बेटे से कभी कह नहीं पाया, पर मुझे उस पर गर्व है." जन्मभर घरात मराठीच बोललेला माणूस! मला वाचतानाच चीड आली. पण चितेपाशी न रडलेला माझा नवरा ते पान छातीशी धरून ओक्साबोक्शी रडत होता. नागपूरच्या बहिणीला फोन लावून त्यानं ते वाचून दाखवलं. मी खरं सांगायला म्हणून पुढे झाले आणि ह्यांच्या हाती पाण्याचा तांब्या देऊन आत आले. मुलगी ओट्याला टेकून उभी होती, पांढरीफटक. तिचा राग करावा की तिला जवळ घ्यावं, मला कळेना.

दोन दिवसांनी हे तिच्या खोलीत आले. मी तिथंच कपड्यांच्या घड्या घालत होते. इतका हळू आवाज मी ह्यांचा कधी ऐकला नव्हता.

"बेटा, रेकॉर्डिंग असेल ना तुह्याजवळ? तू हिंदीत लिहिलं, पण बाबा मराठीतच बोलले असतील. ते शेवटचं वाक्य मले ऐकव ना."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

"नहीं है, पापा. मैंने कुछ पूछा ही नहीं था. सब मोबाइल ने लिखा है."

हे पलंगाच्या कडेवर बसले. मला वाटलं, आता ओरडतील. नाहीतर विचारतील, मग बाबा ते वर्ष कुठे होते? त्या वर्षाचं त्यांनी नावही काढलं नाही.

"मग ते माह्याबद्दलचं?" ते म्हणाले. "ते तरी बाबा म्हणाले होते ना?"