शिवू नका

मुकादमानं पाटी लॉरीला बांधायच्या आधी माझ्या गळ्यात अडकवली.

सोलापूर स्टेशनचा मालधक्का. भर सकाळ. पाटीचा रंग ओला होता, माझ्या सदऱ्याला लाल लागला. दोनच ओळी होत्या. ‘लांब राहा. शिवू नका.’ मुकादम दोन पावलं मागं सरला, मला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाला, "आता शोभतंय बघ. तोंडानं सांगायची गरजच न्हाय." कारकून हसला. गाडीवान हसले. मीही हसलो. हे सांगताना जीव जातो, पण मी हसलो होतो.

मग त्यानं पाटी काढून लॉरीच्या मागच्या फळीला तारेनं बांधली.

मी महारवाड्यातला. शाळेच्या ओट्यावर बसून तिसरीपर्यंत शिकलो. आमच्या हमालांच्या टोळीत वाचता येणारा मी एकटाच. माझा थोरला भाऊ, अण्णा, माझ्याच टोळीत. त्याला माझ्या वाचण्याचं कोण कौतुक! रस्त्यात कागदाचा कपटा दिसला तरी उचलून आणायचा. म्हणायचा, "वाच की." त्या दिवशी लॉरीत चढतानाही त्यानं विचारलं, "पाटीवर काय लिवलंय रं?"

मी म्हणालो, "आपल्यासाठीच हाय. लांब राहा, शिवू नका."

"बरं झालं की," अण्णा म्हणाला. "बाजारातनं जाताना आपल्याला वरडायला नको."

दुसरा अर्थ आमच्या मनातसुद्धा आला नाही. कळायला लागल्यापासून हे शब्द आमच्याच अंगावर येत होते. ते एखाद्या मालाबद्दलही लिहितात, हे आम्हाला कोण सांगणार होतं?

माल म्हणजे काचेच्या मोठाल्या बरण्या, गवत भरलेल्या टोपल्यांत बसवलेल्या. गिरणीच्या रंगखात्यासाठी. मुकादम त्याला ‘दवा’ म्हणायचा, म्हणून आम्हीही दवा म्हणायचो. अण्णाच्या धोतराला बारीक बारीक भोकं पडायची. वहिनी उंदरांना शिव्या द्यायची.

गिरणीच्या अलीकडच्या चढावर लॉरीनं गचका खाल्ला. एक टोपली कलंडली. अण्णानं ती दोन्ही हातांनी छातीशी धरली, लेकराला धरावं तशी. आतली बरणी फुटली होती.

अण्णा ओरडला. जन्मात न ओरडलेला माणूस.

आम्ही त्याला खाली घेतलं तेव्हा सदरा अंगावरच विरत चालला होता. तोंडात एकच. "पाणी. पाणी." रस्त्याकडेला जनावरांचा हौद होता. काठोकाठ भरलेला. वीस पावलांवर. माणसं जमली आणि लांबच थांबली. एकानं पाटी मोठ्यानं वाचून दाखवली. दुसरा म्हणाला, "मी वरनं वततो. तू हात धर, पर लांबनं." त्यानं हौदातून तांब्या भरून आणला.

आणि मी काय केलं? मी ओंजळ धरली. गुडघ्यावर बसून, मान खाली घालून. सवयीनं. तेवढं पाणी घेऊन अण्णाकडं पळालो. निम्मं सांडलं. परत गेलो. परत ओंजळ. हौद समोर होता. त्यात सरळ उतरावं हे मला सुचलं नाही. माझा भाऊ जळत होता आणि मी लांबनं पाणी मागत होतो.

लॉरी मागं घसरू नये म्हणून चाकाखाली दगड लावून ड्रायव्हर चाचा धावत आला. मला ढकलून ओरडला, "हौद में डालो उसकू! देखते क्या खडे?" आम्ही दोघांनी अण्णाला उचलून हौदात घातलं. मागून गलका झाला, हौद बाटला म्हणून. अण्णा आता काही बोलत नव्हता.

दवाखान्यात कंपाउंडरनं मला बाहेरच्या ओट्यावर बोलावलं. "लॉरीवर पाटी होती ना? ती सरकारी नियमानं लावायला लागते. तेजाब होतं ते. अंगावर पडलं की लगेच भरपूर पाणी ओतायचं असतं."

मी म्हणालो, "मला वाटलं, पाटी आमच्यासाठी हाय."

आत, खिडकीशी, डोळ्यांवर पट्ट्या बांधलेला अण्णा जागा होता. त्यानं ऐकलं. हळूच म्हणाला, "म्हंजे ती दवेसाठी हुती व्हय?"

एवढंच. चौथ्या दिवशी अण्णा गेला. त्यानं मला बोल लावला असता तर बरं झालं असतं.

अण्णाचे दिवस झाले आणि मी धक्क्यावर गेलो. तीच लॉरी, तीच पाटी, धुऊन पुसलेली. मुकादम म्हणाला, "चढ."

"आत काय हाय?"

"दवा."

"नाव सांगा."

"तुला नाव घिऊन काय करायचंय?"

मी खालचा कोळसा उचलला. पाटीवर, त्या दोन ओळींखाली, मोठ्या अक्षरात लिहिलं : ‘तेजाब. अंगावर सांडलं तर पाणी वता.’ टोळीला मोठ्यानं वाचून दाखवलं. सांगितलं, अण्णा यानंच मेला. मुकादमानं माझ्या कानफटात मारली. मी परत पहिल्यापासून वाचलं. चढलेले दोघे खाली उतरले. बाकीचे जागचे हलले नाहीत.

"उद्यापासनं येऊ नगंस," मुकादम म्हणाला.

मी रोज जातो. काम मिळत नाही. लॉरी भरायला लागली की फळीला पाठ लावून उभा राहतो आणि विचारतो, आत काय आहे. हाकलतात, पुन्हा येतो. अण्णाला मी चुकीचं वाचून दाखवलं. हे मरेपर्यंत माझ्यावर राहील, आणि राहू दे. पण तुम्हाला एक सांगून ठेवतो. ज्या मालाचं नाव आम्हाला सांगणार नाही, तो तुम्ही स्वतः उचला. तुमच्या छातीशी धरून.