मालखान्यातली तीनशे पंचाहत्तर

जनार्दन दडमलला तुम्ही मारलंत, साहेब. वाघिणीच्या माथी मारू नका. तिच्या पंजात फासाची तार रुतली होती आणि समोर माणूस उभा होता, तिनं जे करायचं तेच केलं. तुम्ही काय केलंत? निवडणूक आली म्हणून जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या लायसन्सच्या बंदुका ठाण्यात जमा करायला लावल्यात. तेही एकवेळ समजू. पण ज्याला तुम्हीच वाघिणीमागं धाडलंत त्याची बंदूक तरी सोडायची होती. सूट द्यायचा अधिकार तुमचाच होता, सही तेवढी करायची होती. त्याची जड रायफल ठाण्याच्या मालखान्यात कुलपाआड, आणि हातात वनखात्याची हलकी तीनशे पंधरा. "आहे त्यावर भागवा," हे शब्द तुमचे. भागवलं त्यानं. गोळी लागली, पण वाघीण थांबली नाही.

तुमचं नाव मी घेत नाही. तुम्हाला ते माहीत आहे, तेवढं पुरे. आता त्याच्या लेकीचं ऐका.

वैशाखातली दुपार आहे. सावरटोल्याच्या वन विश्रामगृहात कुंदा दडमल बूट घालूनच खाटेवर आडवी झालीय. ऊन उतरलं की तिला निघायचंय. तीच वाघीण परत आलीय, खांद्यात जनार्दनची गोळी घेऊन लंगडत. लंगड्या वाघिणीला हरीण सापडत नाही, तेंदूपत्ता तोडायला वाकलेली बाई सापडते. दोन बाया गेल्या. तेव्हा कुठं मारायचा हुकूम निघाला, आणि गोळी घालायला नेमणूक झाली कुंदाची. कॉलेजात असताना तिनं छऱ्याच्या बंदुकीवर विद्यापीठाचं पदक आणलेलं, पुढं बापाबरोबर पिकातली रानडुकरं मारलेली. नेम म्हणाल तर पंचक्रोशीत तिच्यासारखा कुणाचा नाही. पण स्वतःची रायफल तिनं अजून घेतलेली नाही. लायसन्स मागच्या महिन्यात हातात आलं. बापाची जुनी तीनशे पंचाहत्तर आपल्या नावावर करून घ्यावी की नवी, सोसवेल अशी थर्टी-ओ-सिक्स घ्यावी, या विचारात ती अडकली, आणि तेवढ्यात जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. पुन्हा आचारसंहिता, पुन्हा बंदुका बंद. बापाची रायफल तर तो गेल्यापासून मालखान्यातच पडून आहे. जीपमध्ये तिच्यासाठी काय ठेवलंय? तीच, खात्याची तीनशे पंधरा.

कूलर घरघरतोय. ओल्या वाळ्याचा वास येतो, डोळे जड होतात, आणि त्या वासात हळूच बंदुकीच्या तेलाचा वास मिसळतो. खाटेच्या पायथ्याशी कुणीतरी बसलंय. सळईला चिंधी बांधून पुढं-मागं, पुढं-मागं नळी पुसतंय. हात चालतात तशी सळई सरकते, पण हातात बंदूकच नाही.

"ऊठ व, कुंदे. बूट घालून निजतेत का कोणी?"

"मी निजली नाई, बाबा."

"मंग मी कसा काय आलो?"

ती उठून बसते. जनार्दन होता तसाच आहे; खाकी शर्ट, वरचं बटण तुटलेलं. डाव्या खांद्याकडं मात्र बघवत नाही. ती बघत नाही.

"तुमी गेले काऊन, बाबा? ते खेळणं घेऊन वाघिणीच्या पुढे गेले काऊन?"

"ते मंग सांगतो. आधी चाल, तुले बंदूक घ्याची हाय ना?"

तो कूलरची वाळ्याची ताटी बाजूला सारतो. पलीकडं नागपुरातलं बंदुकांचं दुकान आहे. लहानपणी काडतुसं आणायला तो तिला इथं घेऊन यायचा, पंख्याखाली बसवून बर्फाचा गोळा द्यायचा. आता गल्ल्यामागं तोच उभा आहे, आणि काचेवर तीन काडतुसं उभी करतो. एक बुटकं, जाडसर, खात्याच्या तीनशे पंधराचं. एक त्याहून उंच, सडपातळ. तिसरं बापाच्या तीनशे पंचाहत्तरचं, मधल्या बोटाहून लांब, अंगठ्याएवढं जाड.

"सांग. पयली बंदूक तुही. कोन्तं?"

कुंदा सडपातळ काडतुसावर बोट ठेवते. "थर्टी-ओ-सिक्स. खांद्याले सोसते. शंभर पावलांवरून पाचही गोळ्या बशीत बसतेत माह्या."

"बशी तुह्यावर धावून येते काय?"

"थट्टा नका करू."

"थट्टा नाई, माय. डुक्कर मारायले लय चांगली हाय ते. सांबरालेही चांगली. पण वाघीण वीस हातावरून निघते. डोळा लवते न लवते तं छातीवर. एक गोळी भेटते तुले, दुसरी भेटली तं नशीब. त्या एका गोळीनं तिले मारायचं नाई, थांबवायचं हाय. ते मरन सवडीनं, तवरिक तुहा मुर्दा पडन."

"नेम असला का नळीचा बोर कायले पाह्यचा, असं कोण म्हणे घरी?"

"मीच म्हणो."

"मंग?"

"मंग मेलो."

हे तो अगदी सहज सांगतो. ऐकून कुंदाचं डोकं फिरतं. ती काचेवर मूठ आपटते. काडतुसं हलत नाहीत, पण काच लाकडाची होते, शाळेतला बाक. भिंतीवर बाराखडी, कोपऱ्यात पाण्याचा रांजण. सावरटोल्याची शाळा, मतदानाला लावलेली. बाकावर पुठ्ठ्याच्या आडोशाला मतदानयंत्र आहे. त्यावर उमेदवार नाहीत. चिन्हांच्या जागी ती तीन काडतुसं चिकटवलीत आणि प्रत्येकासमोर निळं बटण.

"लवकर करा," मागून कुणीतरी ओरडतं. "रांग लागली."

ती मागं वळते. रांगेत तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाया उभ्या आहेत, डोक्यावर गठ्ठे. सगळ्यात पुढं शेजारची यमुनाबाई, जिला वाघिणीनं गेल्या आठवड्यात नाल्याच्या काठावरून ओढून नेलं.

"मामी, तुमी?"

"मीच व. दाब बाप्पा काहीतरी, मान दुखते माही." यमुनाबाई गठ्ठा सावरते. "अन् आता हलकं नको दाबू. तुह्या बापाच्या हलक्या गोळीनं ते लंगडी झाली, अन् आमच्यावर आली. तुहीनं अजून लंगडी होईन तं कोणाच्या घरी जाईन?"

"मामी, बाबाची चूक नव्हती."

"मी कुठं म्हणलं त्याची? त्याच्या हातात देलं कोणं, ते विचार."

जनार्दन हात पुढं करून स्वतःची बोटं बघतोय. डाव्या हाताचं बोट कोरं आहे, शाई नाही.

"माहं मत राह्यलं," तो म्हणतो. "मतदान दुसऱ्या दिवशी होतं. ज्या मतदानासाठी बंदूक काढून घेतली, तेच राह्यलं. पाह्य, गंमत हाय का नाई?"

"मले नाई वाटत गंमत!"

कुंदा तिसरं बटण दाबते. अंगठ्याएवढ्या काडतुसापुढचं. आवाज येत नाही. पुन्हा दाबते. यंत्र मुकं. दोऱ्याच्या गाठीवर लाखेचं लालभडक सील आहे, त्यावर ठसा. आधीच बंद केलंय त्यांनी, आणि म्हणतात निवडा! ती नखानं लाख खरवडायला लागते. लाख कडक आहे, नखाच्या कडेला टोचते, रक्त येतं की लाखेचाच रंग ते कळत नाही. टवका उडतो. दोरा सुटतो. यंत्राचं झाकण लांबतच जातं, लांबतं, आणि ती मालखान्यात उभी आहे. मोहाच्या दारूचे जप्त कॅन, गंजक्या सायकली, घुशींनी कुरतडलेली पोती. झाकणाखाली बापाची रायफल. मालगुजारांच्या वाड्यावरून आलेली, आक्रोडाच्या लाकडाची, बापाच्या गालानं घासून घासून काळी झालेली. तिच्या घोड्यावरसुद्धा लाख. तीही ती खरवडते.

"घे खांद्याले," जनार्दन म्हणतो.

ती घेत नाही. एकोणिसाव्या वर्षी एकदा घेतली होती. बार झाला, दस्ता गळ्याखालच्या हासळीच्या हाडावर असा बसला की ती शेताच्या धुऱ्यावर बसकण मारून बसली आणि सगळी आळी खिदळली. त्या दिवसापासून ती म्हणत आली, जड बोर म्हणजे बाप्यांचा माज, नेम असला की पुरे. हे वाक्य बापाचंच होतं, तिनं ते आडोशाला घेतलं.

"घे ना व. सासूवानी हातभर दूर नको धरू, म्हणून तं लागली त्या दिवशी. लेकरावानी छातीशी धर. धक्का आला का आंग मांगं नको नेऊ. वाकून पुढं राह्य. घोडा हळू दाब."

ती धरते. पोत्यांच्या अंधारात नेम घेते, घोडा दाबते. खट्. गोळीच नव्हती. पण नळी मात्र वीतभर खाली गेली.

जनार्दन हसतो. "पाह्य. गोळी नाई, आवाज नाई, तरी झुकली. आपल्या आंगातच रायते ते भेव. चारदा रिकामी, एकदा गोळी भरेल, कोन्ती भरेल हाय ते आपल्याले माहीत नाई, असं भरून कोणी देल्लं का महिन्याभरात जाते. पण तुहं भेव बंदुकीचं नाई, कुंदे."

"मंग कायचं?"

"माहं होतं तेच. साहेब म्हणे, आहे त्यावर भागवा. मले ठाऊक होतं भागत नाई. तीनशे पंधरा हातात घेतली तवाच ठाऊक होतं. तरी म्हणलं, हो साहेब."

"नाई म्हणता नाई आलं?"

"जीभच नाई उचलली."

कुंदा ओरडते. इतके दिवस कुणावर ओरडायचं ते न कळून गिळलेलं सगळं बाहेर येतं. "एक शब्द, बाबा! एक शब्द बोलायचा होता! वाघापुढे उभे राह्यले अन् खुर्चीपुढे पाय कापले तुमचे? आईनं तुमचे कपडे ओळखले, तोंड नाई ओळखलं! अन् हे मामी, अन् ते दुसरी, ह्या काऊन मेल्या? तुमी हो साहेब म्हणले म्हणून!"

यमुनाबाई गठ्ठा खाली ठेवून बसलीय. जनार्दन मान खाली घालतो, मग वर करतो.

"हो," तो म्हणतो. "म्हणूनच आलो. बोर कोन्ता हे तं दुकानदारही सांगते. पयली बंदूक घ्याची तं हे पाह्य, का जेच्यानं काम होत नाई ते कोणी हातात देल्लं, तं टेकवून परत ठेवता येते का तुले. येत नसन, तं तोफ घेऊनही नको जाऊ." तो तिच्या कोपराखाली हात देतो. हात गार आहे. "आता अजून एकदा. दाब."

ती पुढं वाकते. दस्ता छातीशी. घोडा दाबते. खट्.

नळी हलत नाही.

"अस्सं," बाप म्हणतो, आणि त्याच्या आवाजाची घरघर होते, वाळ्याचा ओला वास येतो, कुठंतरी फोन वाजतो, वाजतच राहतो.

कुंदा डोळे उघडते. कूलर. खाट. पायांत बूट. खाटेच्या पायथ्याशी कुणी नाही. फोन घ्यायला हात पुढं करते आणि तसाच हात धरून बघते.

उजव्या अंगठ्याच्या नखात लाल टवका रुतलाय. ती दातानं काढते, तळहातावर घेते. लाख. ठाण्यात सीलला लावतात ती, तांबडी, कडक, एका कडेला ठशाची अर्धी रेघ उमटलेली. या खोलीत लाख नाही. या विश्रामगृहात लाख नाही.

फोन वनखात्याचे राऊंड ऑफिसर पेटकर यांचा आहे.

"मॅडम, जीप लागली. तीनशे पंधरा ठेवली आहे, दहा गोळ्या. निघायचं ना?"

"मालखान्याचं काय झालं? बाबांच्या रायफलचं?"

"अहो ते... साहेब लाइनवर आहेत. जोडून देऊ?"

"द्या."

तिकडून खाकरल्याचा आवाज येतो. तुम्हीच, साहेब. तोच आवाज, तीच घाई. "हे बघा दडमल, परवा मतदान आहे. नियम नियम असतो. लोक खवळलेत, वाघीण आज संपली पाहिजे. आहे त्यावर..."

"नाही," कुंदा म्हणते.

एवढंच. तिची जीभ जड झालेली नाही. ती लाखेचा टवका मुठीत घट्ट धरते आणि दार उघडून उन्हात येते. जीपच्या बाजूला पेटकर उभे आहेत. ती पुढच्या सीटवरची तीनशे पंधरा उचलते, मागच्या सीटवर नीट आडवी ठेवते आणि दार लावून घेते.

"मी ठाण्याच्या पायरीवर बसते, साहेब. वाघिणीमागं मी आजच जाणार, पण बापाच्या रायफलनं जाणार. हुतात्मा व्हायचं नाही मला, जिवंत परत यायचंय. सहीचं पेन तुमच्या खिशात आहे. मालखाना उघडता, का पुढच्या बाईच्या घरी निरोप घेऊन तुम्ही स्वतः जाता? बोला. मी फोन धरून आहे. बोला!"