मारुक्लाने घर रिकामं केलं

लग्न सप्टेंबरात आणि मुलगी मे महिन्यातच हजर! का, तर म्हणे 'बघायला'. काय बघायचं, सांगा मला? चर्च आहे तिथेच आहे, डोंगर आहे तिथेच आहे, आणि आमच्या कार्पाथोस बेटावरचा वारा तर कुणाच्या बापाचं ऐकत नाही. पण नाही. एव्ही अमेरिकेतून, बाल्टिमोरहून चार दिवसांसाठी येणार, सगळं मोजणार, परत जाणार, आणि मग लग्न करायला पुन्हा येणार. या सगळ्याचा ताप कुणाच्या डोक्याला? माझ्या. ऐन उमेदीची बारा वर्षं मी त्याच बाल्टिमोरमध्ये खानावळीत भांडी घासली, म्हणून आमच्या गावात इंग्रजी येणारी बाई मी एकटी.

पण मला सांगायचंय ते मारुक्लाबद्दल. एव्हीची मावशी, माझी शेजारीण, आणि मी आजवर पाहिलेली सगळ्यात हट्टी बाई.

आमच्याकडे आईचं घर थोरल्या मुलीला. तिचं लग्न ठरलं की आईबाप आपलं बिऱ्हाड उचलून दुसरीकडे जातात. आणि धाकटीला काय? धाकटीला थोरलीची कामं. मारुक्ला धाकटी. थोरली कालित्सा लग्नानंतर वर्षभरात अमेरिकेला गेली आणि जाताना बोटीवरून ओरडली, "घराकडे बघ गं!" झालं. मारुक्ला एक्केचाळीस वर्षं घराकडे बघत बसली. दोनदा मागणी आली होती तिला. दोन्ही वेळा नाही म्हणाली, घर कोण बघेल म्हणून. दर ईस्टरला भिंतींना चुना, भिंतीवरच्या शोभेच्या सगळ्या ताटल्या उतरवून, पुसून पुन्हा जिथल्या तिथे. मी कितीदा म्हटलं, "अगं, ती काही परत येत नाही. मालकिणीसारखी राहा की जरा!" तर म्हणायची, "तू तुझं बघ, फोटिनी."

एप्रिलमध्ये कालित्साचा फोन आला. एव्ही तिची थोरली. "ती गावातच लग्न करायचं म्हणतेय," कालित्सा म्हणाली, "घर बघून जाईल एकदा." मारुक्लाने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मी समोरच होते. मला वाटलं, आनंदाने तिला शब्द फुटेना.

एव्ही आली. पोरगी गोड, खोटं कशाला बोलू? पण हातात टेप! दार मोजलं, अंगण मोजलं, अंगणातल्या चुलीपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजलं. मी मागे मागे टोक धरून.

"अंगणात साठ मेणबत्त्या लावायच्यात, फोटिनीमावशी."

"लाव की. वारा विझवेल. जमलं तर टेबलंही नेईल."

"पाहुणे ऐंशी धरलेत."

"आणि गाव?"

"गाव म्हणजे?"

"गाव म्हणजे गाव! तुझ्या घरी वाजंत्री वाजणार आणि आम्ही काय कुंपणावर बसून माना डोलवायच्या?"

तिने फोनमध्ये काहीतरी टिपून घेतलं. मी कपाळावर हात मारला.

घरात शिरलो. आमच्या घरांत एकच मोठी खोली, आणि त्यात उंच लाकडी माचा, सगळे त्यावरच झोपतात. एव्हीने माचाही मोजला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मारुक्ला कोपऱ्यात उभी राहून बघत होती. माचा रिकामा होता, एक उशीसुद्धा नाही. मला वाटलं, पाहुणी येणार म्हणून आवरलं असेल. "मी शेतावर झोपते," मारुक्ला म्हणाली, "शेळ्यांना एकटं सोडवत नाही." आणि मी, शहाणी, ते खरं धरून चालले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाद्रीबाबांनी मारुक्लाला बोलावणं धाडलं. ती कुठे दिसेना, म्हणून मी तडफडत शेतावर गेले. शेतावर दगडाची एक खोली आहे, निम्मं छप्पर गळतं. आत बघते तर काय! तिची पेटी. देवाची तसबीर. रक्तदाबाच्या गोळ्या. आणि खुंटीला जाड लोकरी कोट. मे महिन्यात कोट!

"मारुक्ला, हे काय आहे?"

"सामान."

"ते दिसतंय मला! इथे का?"

"मुलीचं लग्न आहे. घर तिचं झालं." ती शांतपणे चीज गाळत होती. "तिने मोजलंय सगळं. तू नाही का टोक धरलंस?"

"अगं बये, ते टेबलांसाठी! हिवाळ्यात इथे मरशील गुडघ्यांनी!"

"आईही अशीच उठून गेली होती. मी काय वेगळी?"

माझं डोकंच फिरलं. तशीच खाली उतरले आणि एव्हीला जे बोलायचं नाही तेही बोलले. कानाकोपऱ्याची मापं घेतलीस, घरात कोण राहतं ते विचारलंस का? पोरगी पांढरीफटक पडली. तिला बिचारीला कुणी काही सांगितलंच नव्हतं. टेप तिथेच टाकला आणि चपलांनिशी माझ्यापुढे डोंगर चढायला लागली.

मारुक्लापुढे ती गुडघ्यांवर बसली. ती इंग्रजीत बोलत होती, मी आमच्या भाषेत सांगत होते. "मावशी, मला घर नकोय. आम्ही तीन दिवस येणार, नाचणार आणि जाणार. आमचं घर तिकडे आहे. हे तुझंच. तू कुठेही जायचं नाहीस."

मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

मारुक्लाचे हात थांबले. "पुन्हा सांग," ती मला म्हणाली. मी पुन्हा सांगितलं.

"नकोय?"

"नकोय गं. तुझं आहे."

"तिला नकोय. कालित्साला नकोय." तिने हातातलं फडकं बाजूला ठेवलं. "मग मी कुणासाठी सांभाळत होते?"

"काय म्हणतेय मावशी?" एव्हीने विचारलं. मी मारुक्लावर खेकसले, "तुझ्यासाठी! राहत होतीस ना तिथे? मग?"

"माझ्यासाठी?" ती माझ्याकडे बघत म्हणाली. "माझं असतं, फोटिनी, तर पहिल्याच वर्षी समुद्राच्या बाजूला एक खिडकी पाडून घेतली असती मी."

एव्ही माझी बाही ओढत पुन्हा पुन्हा विचारत राहिली. बारा वर्षांचं माझं इंग्रजी, पण मला काही ते सांगता आलं नाही.