पत्र्याच्या मुकुटाचा राजा आणि आप्पांचा टीव्ही

चांगले सिनेमे दाखवावेत म्हणून मी मिरजेत फिल्म मंडळ काढलं. दाखवलेले सिनेमे आता नीट आठवत नाहीत, ते बघायला आलेली माणसं मात्र डोक्यातून जात नाहीत. कुठे चार मित्र जमले की "आप्पांचं पुढं काय झालं रे?" हा प्रश्न येतोच, आणि माझा चहा गार होतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नुकताच बी.ए. झालो होतो आणि मिरजेला जागतिक सिनेमा कळलाच पाहिजे, असं माझं ठाम मत होतं. मिरजेचं तसं काही मत नव्हतं. रफिकभाई तंबोरे बनवायचे. त्यांच्या कारखान्याची माडी ही आमची जागा; वर टांगलेले भोपळे, खाली सतरंजीवर प्रेक्षक. आप्पा म्हणजे रेल्वेतले रिटायर गार्ड. टीव्ही आणि व्हीसीआर त्यांचा, म्हणून अध्यक्षही तेच.

सिनेमे इंग्रजी, म्हणून रफिकभाई टीव्हीशेजारी उभं राहून ते मराठीत सांगायचे. त्यांचं इंग्रजीही बेताचंच. आवाज मात्र खणखणीत.

*

एका रविवारी ऐन मारामारीत लाइट गेली. रफिकभाई थांबले नाहीत. काळ्या पडद्याशेजारी उभं राहून त्यांनी मारामारी संपवली, हिरोला मारलं, त्याच्या आईला रडवलं. प्रेक्षकांतल्या दोघांनी डोळे पुसले.

लाइट आली तेव्हा हिरो हॉटेलात जेवत होता.

"ह्यो मेला होता की," मागून कुणीतरी म्हणालं.

"त्यो धाकटा भाऊ हाय त्याचा," रफिकभाई म्हणाले, आणि सिनेमा पुढे गेला.

मी त्यांना कोपऱ्यात घेऊन जाब विचारला. ते म्हणाले, "माणसं उठून गेली असती रं. तुझं मंडळ कुणी बघायचं?"

*

मग मी ठरवलं, लोकांना शिकवायचंच. खडू घेऊन फळ्यावर लिहिलं : 'कथा सांगणारा स्वतःच भ्रमात असू शकतो.' सिनेमातला माणूस आपली कहाणी सांगतो तेव्हा ती खरी मानायची सक्ती नाही, त्याच्या डोळ्यांनी दिसतंय एवढंच, वगैरे तळमळीने सांगितलं.

"म्हंजे खोटं बोलतोय त्यो?" एकाने विचारलं.

"खोटं नाही. त्याला तेच खरं वाटतं."

"मग पोलिसात का देत न्हाईत त्याला?"

मी खडू खाली ठेवला.

*

उदाहरण द्यायला आप्पाच समोर होते, ही माझी चूक नव्हे. वळणावर रुळांवर उभा असलेला बैल आपण बघितला आणि लाल झेंडी दाखवून गाडी वाचवली, ही गोष्ट ते दर रविवारी सांगायचे. दिवाळीनंतर त्या बैलाचा बिबट्या झाला. मी नम्रपणे विचारलं, "आप्पा, गार्डाचा डबा सगळ्यात मागं असतो. तुम्हाला पुढचा बिबट्या दिसला कसा?"

आप्पांनी टीव्हीची वायर काढली, गुंडाळली आणि टीव्ही टांग्यात घालून घरी नेला.

पुढच्या रविवारी आम्ही रिकाम्या स्टुलासमोर बसलो. रफिकभाई आप्पांच्या घरी जाऊन समजूत काढून आले. आप्पांची अट एकच : "शेवटाला 'सगळं खोटं हुतं' म्हननारा सिनेमा लावलासा, तर टीव्ही कायमचा घरी. मंडळ बी बंद."

*

आणि नेमक्या त्याच आठवड्यात मित्राने पुण्याहून कॅसेट आणली. कॉमिक्समधल्या एका खलनायकाचा सिनेमा. पत्र्याचा मुकुट घातलेला हा माणूस स्वतःची कहाणी सांगतो : मी या शहराचा राजा, आणि पांढऱ्या झग्यातल्या हिरोने माझी गादी लुबाडली. शेवटी कळतं, तो वेड्यांच्या इस्पितळातला पेशंट आहे, आणि हिरोचा झगा म्हणजे डॉक्टरचा अ‍ॅप्रन. मी हरखून गेलो. एवढं सरळ उदाहरण मिरजेला परत कधी मिळणार?

"एक शब्द बदलायचा नाही," मी रफिकभाईंना बजावलं.

त्यांनी शेवट ऐकला, हातातला भोपळा उलटा करून बघितला आणि म्हणाले, "म्हंजे टीव्ही गेला."

*

सिनेमा सुरू झाला. माडीवरचा प्रत्येक माणूस खलनायकाच्या बाजूने. हिरो मुकुट ओढायला आला तेव्हा एक चप्पल टीव्हीकडे गेली. आप्पांनी ती वरच्या वर झेलली. "हक्काची गादी हाय त्याची," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

शेवट आला. पांढरी खोली, लोखंडी कॉट, गोळ्या घेऊन उभी नर्स.

रफिकभाईंनी एकदा आप्पांकडे बघितलं. मग खणखणीत आवाजात म्हणाले, "आन् राजा आपल्या महालात परत आला. दासी परसाद घिऊन आली. झगेवाला हात जोडून हुबा ऱ्हायला."

टाळ्या. आप्पा उठून उभे राहिले.

मला राहवलं नाही. मी पुढे होऊन ओरडलो, "ऐकू नका त्यांचं! तो राजाबिजा कोणी नाही. ते इस्पितळ आहे. तो डॉक्टर आहे. सगळं त्याच्या डोक्यात चाललंय!"

आप्पांनी टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग अगदी मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"रफिक," ते हळू आवाजात म्हणाले, "टीव्ही ऱ्हाऊ दे हितंच. पन ह्या पोराला उद्या कुनाला तरी दाखव. मिरजेत काय डाक्टर कमी हायत?"

"व्हय आप्पा," रफिकभाई म्हणाले. "मी सोता घिऊन जातो."